गावाची रोजकीर्द

यात्रेहून परतलेल्या कुटुंबाच्या मोबाईलमध्ये आज दोन-तीनशे छायाचित्रे सहज असतात. मंदिराचे शिखर, पायऱ्यांवर ओळीने उभे राहिलेले नातलग, धर्मशाळेचे आवार, वाटेतले धरण आणि जेवणाची ताटे. घरी आल्यावर ती एकदा सर्वांना पाठविली जातात आणि पंधरा दिवसांनी कोणी उघडूनही पाहत नाही. ज्या गावात मुक्काम केला, ते गाव मात्र त्या छायाचित्रांत क्वचितच असते. पहाटे दुधाच्या किटल्या सायकलला अडकवून येणारा गवळी, एस.टी. स्थानकाबाहेर वर्तमानपत्रांचे गठ्ठे सोडणारा मुलगा, अडत दुकानाच्या ओट्यावर मापाची वाट पाहत बसलेले शेतकरी, दुपारी अर्धे शटर ओढून डुलकी घेणारा कापड दुकानदार, ही सारी माणसे डोळ्यांसमोरून जातात. पण त्यांची कोठेही नोंद होत नाही.

ही नोंद करण्याचे एक जुने, स्वस्त आणि शांत साधन आहे. ते म्हणजे प्रवासात जवळ बाळगलेली रेखाटनवही. चित्रकलेचे शिक्षण घेतलेल्यांचीच ही मिरास आहे, असा समज सर्वत्र आढळतो. तो बाजूला ठेवून या छंदाकडे पाहिले, तर त्याचे नाते कलादालनापेक्षा पेढीवरील चोपड्यांशी अधिक जवळचे असल्याचे लक्षात येते.

जुन्या व्यापारी पद्धतीत व्यवहाराची पहिली नोंद रोजकीर्दीत होत असे. खतावणी नंतर, ताळेबंद त्याच्याही नंतर. रोजकीर्दीचे महत्त्व तिच्या सुबक अक्षरात नव्हते. ज्या दिवशी व्यवहार झाला त्याच दिवशी, घडलेल्या क्रमाने ती लिहिली जाई, यात होते. चार दिवसांनी आठवून लिहिलेल्या नोंदीला तेवढी किंमत नसे. प्रवासातील रेखाटनाचे तसेच आहे. जागेवर बसून, समोर दिसते तेच, त्याच वेळी काढलेले वेडेवाकडे चित्र हे घरी येऊन छायाचित्रावरून काढलेल्या गुळगुळीत चित्रापेक्षा अधिक विश्वासार्ह असते.

डोळ्यांनी पाहिले तसे

हा विचार नवा नाही. आपल्या समाजाच्या ग्रंथभांडारांतच त्याचा एक उत्तम पुरावा जपलेला आहे. पर्युषण आटोपल्यावर क्षमापनेचे पत्र आचार्यांना पाठवावे आणि पुढील चातुर्मास आमच्या गावी करावा अशी विनंती करावी, ही प्रथा राजस्थान आणि गुजरातमधील श्वेतांबर संघांत दीर्घकाळ चालत होती. या पत्रांना विज्ञप्तिपत्र म्हणत. साध्या कागदावर चार ओळी लिहून संघाचे समाधान होत नसे. म्हणून कित्येक फूट लांबीची गुंडाळी तयार होई. तिच्या आरंभी अष्टमंगल आणि त्रिशलामातेची चौदा स्वप्ने, नंतर गावाचे चित्र, पुढे आचार्यांची धर्मसभा आणि शेवटी विनंतीचा मजकूर व संघातील प्रमुखांच्या सह्या, असा साधारण क्रम असे.

यातील गावाचे चित्र हा भाग आजच्या वाचकाला विशेष वाटावा असा आहे. आचार्यांना येण्याचा मोह व्हावा, म्हणून गावातील रस्ते, मंदिरे, तलाव, राजवाडा आणि बाजारपेठ ओळीने रंगविली जात. पेठेतील दुकाने, त्यांत बसलेले व्यापारी, माल पाहणारे गिऱ्हाईक, रस्त्याने जाणारी जनावरे आणि माणसे हे सारे गुंडाळी उलगडत जावे तसे पुढे येते. वाचणारा जणू वेशीतून आत शिरून उपाश्रयापर्यंत चालत जातो. उदयपूरच्या संघाने १८३० मध्ये बिकानेरला आचार्य जिनहर्षसूरींकडे पाठविलेली गुंडाळी सुमारे ७२ फूट लांब आहे. शिलालेखांत आणि बखरींत राजे असतात. या पत्रांत किराणा दुकानदारही आहे.

या परंपरेतील सर्वांत प्रसिद्ध पत्र आग्र्याच्या संघाचे आहे. ते १६१० मध्ये आचार्य विजयसेनसूरींना पाठविण्यात आले. पर्युषणाच्या दिवसांत पशुहत्या बंद ठेवण्याविषयी बादशहा जहांगीर याने काढलेल्या फर्मानाचा प्रसंग त्यात रंगविलेला आहे. चित्रकार होता उस्ताद सालिवाहन. तो बादशाही चित्रकार असून त्या वेळी त्याने जे पाहिले तोच भाव येथे उतरविला आहे, अशा आशयाची नोंद त्या पत्रावरच आढळते. चित्र सुंदर आहे, असे म्हणून संघ थांबला नाही; चित्रकार तेथे हजर होता, हे त्याने मुद्दाम लिहून ठेवले. पत्राला पुराव्याचे वजन यावे, ही त्यामागची दृष्टी व्यापारी समाजाला साजेशीच आहे.

सुमारे चारशे वर्षांनंतर, २००७ साली, अमेरिकेतील सिएटल शहरात राहणारे पत्रकार व चित्रकार गॅब्रिएल कॅम्पानारिओ यांनी ‘अर्बन स्केचर्स’ या नावाने जगभरातील रेखाटनकारांना एकत्र आणण्यास सुरुवात केली. आज अनेक देशांत आणि भारतातील अनेक शहरांतही या नावाने माणसे सुट्टीच्या सकाळी एकत्र जमून रेखाटने करतात. त्यांच्या नियमांचे सार असे, की चित्र जागेवर बसूनच काढावे, पाहिलेल्या दृश्याशी प्रामाणिक राहावे आणि ते त्या स्थळकाळाची नोंद ठरावे. उस्ताद सालिवाहनाच्या नावे लिहिलेल्या त्या नोंदीहून हे फारसे वेगळे नाही.

कोणासाठी काढले, हा प्रश्न

तरीही एक सावधगिरी आवश्यक आहे. विज्ञप्तिपत्रातील गाव हे निमंत्रण देणारे गाव होते. पाहुणा यावा म्हणून घर जसे आवरून ठेवतात, तसे ते आवरलेले होते. पडकी भिंत, रिकामे दुकान किंवा दुष्काळातील रस्ता त्यात येण्याचे कारण नव्हते. चित्र कोणासाठी काढले, यावर त्यात काय येते आणि काय गळते हे पुष्कळसे ठरते. लहान गावांच्या चित्रांचा इतिहास पाहताना हा प्रश्न वारंवार समोर येतो.

पेशवाईच्या अखेरच्या काळात पुण्यात गंगाराम चिंतामण तांबट नावाचा चित्रकार होऊन गेला. इंग्रजांचा पुण्यातील वकील सर चार्ल्स मॅलेट याच्यासाठी तो चित्रे काढीत असे. पेशव्यांच्या शिकारखान्यातील गेंडा, तालमीतील पहिलवान, पर्वतीची टेकडी असे विषय त्याने हाताळले. वेरूळच्या लेण्यांची चित्रेही त्याने काढली. मॅलेटने लेण्यांचे जे वर्णन कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीकडे पाठविले, त्याला त्या चित्रांची जोड होती. जैन लेण्यांतील इंद्रसभेचाही त्या वर्णनात समावेश आहे. जेम्स वेल्स या स्कॉटिश चित्रकाराचे मार्गदर्शन त्याला लाभले आणि मॅलेटच्या पुढाकाराने शनिवारवाड्यात एक चित्रशाळाही काही काळ चालली. गंगारामची बरीच चित्रे आज अमेरिकेतील येल विद्यापीठाच्या संग्रहात आहेत. पुण्याचा माणूस, पुण्याचे विषय. पण चित्रे सातासमुद्रापलीकडे. ज्याने पैसे दिले त्याच्याबरोबर ती गेली.

असाच दुसरा दाखला जॉन लॉकवुड किपलिंग यांचा. ‘जंगल बुक’कार रुडयार्ड किपलिंग यांचे ते वडील. १८६५ मध्ये ते मुंबईच्या सर जे. जे. कला विद्यालयात शिक्षक म्हणून आले. १८७० मध्ये सरकारने उत्तर हिंदुस्थानातील कारागिरांची चित्रे काढण्याचे काम त्यांच्याकडे सोपविले. विणकर, कुंभार, लाकडावर कोरीव काम करणारा सुतार यांना किपलिंग यांनी त्यांच्या कामाच्या जागी बसून पाहिले आणि पेन्सिल व शाईने उतरविले. बसण्याची पद्धत, पायाच्या अंगठ्याने धरलेली वस्तू, हत्याराची मूठ, बाजूला पडलेला भुसा हे सर्व तपशील त्यांत नेमके आहेत. ही चित्रे लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहेत. कारागिराविषयी किपलिंग यांना खरा आदर होता, हे रेषेतून जाणवते. तथापि काम सरकारी होते; राज्यातील हुन्नरांची मोजदाद हा त्याचा हेतू होता.

निमंत्रण आणि मोजदाद यांपेक्षा वेगळा हेतू पुढे विसाव्या शतकात नंदलाल बोस यांच्या कामात दिसतो. बिहारमधील हवेली खडगपूर या लहान गावी १८८२ साली त्यांचा जन्म झाला. शांतिनिकेतनच्या कलाभवनाचे ते दीर्घकाळ प्रमुख होते. कार्ड आकाराच्या कागदावर हाताशी येईल ते रेखाटण्याची त्यांना सवय होती आणि अशी असंख्य कार्डे त्यांनी विद्यार्थ्यांना व स्नेह्यांना पाठविली. १९३६ च्या डिसेंबरमध्ये खानदेशातील फैजपूर येथे काँग्रेसचे अधिवेशन भरले. खेड्यात भरलेले ते पहिले अधिवेशन. गांधीजींच्या सांगण्यावरून तेथील मंडपनगरीची सजावट नंदलालांनी बांबू आणि स्थानिक साहित्यातून केली.

त्यानंतर फेब्रुवारी १९३८ मध्ये गुजरातमधील हरिपुरा येथील अधिवेशनासाठी त्यांनी चित्रफलक केले. आधी आसपासच्या गावांत फिरून त्यांनी माणसांची रेखाटने केली आणि मग हातकागदावर मातीच्या रंगांत ऐंशीहून अधिक फलक रंगविले. ढोल वाजविणारा, शिंपी, कापूस पिंजणारा, कांडण करणाऱ्या स्त्रिया, बैल आवरणारा शेतकरी हे त्यांचे विषय होते. सहकाऱ्यांनी व विद्यार्थ्यांनी त्यांच्या अनेक प्रती तयार केल्या आणि त्या अधिवेशनाच्या प्रवेशद्वारांवर व मंडपांत लावण्यात आल्या. येथे पाहणारा कोण होता? तोच शेतकरी आणि तोच शिंपी. ज्याचे चित्र काढले त्याच्याच वाटेवर ते लागले. गावाचे चित्र गावाला परत मिळाले, हे हरिपुऱ्याचे खरे वैशिष्ट्य मानावे लागेल.

एका मुलाची दैनंदिनी

कोणी न सांगता, कोणासाठी न काढलेल्या चित्रांचे उदाहरणही जवळचेच आहे. मारिओ मिरांडा यांना महाराष्ट्र ओळखतो तो व्यंगचित्रकार म्हणून. त्यांनी चित्रकलेचे रीतसर शिक्षण घेतलेले नव्हते. लहानपणी भिंती रंगविणाऱ्या या मुलाला आईने वही आणून दिली आणि त्यातून सचित्र दैनंदिनी लिहिण्याची सवय जडली. १९४९, १९५० आणि १९५१ या वर्षांच्या त्यांच्या दैनंदिन्या पुढे पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाल्या आहेत. दक्षिण गोव्यातील लोटली हे त्यांचे गाव. पोर्तुगीज अमलातील त्या गावातील लग्ने, भोजने, चर्चमधील मंडळी, शेजारीपाजारी, गप्पांचे फड आणि प्रवासाची धांदल हे सारे त्यांत दिवसावार आले आहे. त्या वेळी विशीतल्या तरुणाचा तो विरंगुळा होता. दहा वर्षांत गोवा मुक्त झाला, जीवन बदलले, आणि आज त्या काळचे गोमंतकीय गाव कसे होते हे सांगणारा तो एक जिवंत दस्तऐवज ठरला आहे. घडत असताना सामान्य वाटलेली गोष्ट काळाने मौल्यवान केली.

आजच्या लहान गावांच्या बाबतीत हाच विचार करण्याची वेळ आली आहे. गेल्या तीस-चाळीस वर्षांत तालुक्याच्या गावांतून काय काय गेले, याची घरातील वडीलधाऱ्यांनी नुसती आठवण काढून पाहावी. रस्त्याच्या कडेला भाता लावून पितळी भांडी पांढरीशुभ्र करणारा कल्हईवाला दुर्मीळ झाला. धनुकलीचा आवाज करीत फिरणारा पिंजारी दिसेनासा झाला. कचेरीबाहेर झाडाखाली टंकलेखन यंत्र घेऊन बसणारे अर्जलेखक थोडे उरले. दुकानांवरील रंगाऱ्याने हाताने लिहिलेल्या पाट्या उतरल्या आणि त्यांच्या जागी फ्लेक्स आले. गादी-तक्क्याची पेढी, समोर उतरते मेज आणि लाल कापडात बांधलेल्या चोपड्या हे दृश्य कित्येक नातवंडांनी पाहिलेलेच नाही. यांतील पुष्कळ बदल सोयीचे आणि आवश्यक होते. त्यांबद्दल गळा काढण्याचे कारण नाही. परंतु जे गेले त्याचे एकही चित्र ज्यांनी ते रोज पाहिले त्यांच्या घरात नसावे, ही मात्र हानी आहे. दिवाणखान्यात लग्नांचे अल्बम असतात. ज्या दुकानाने घर उभे केले त्या दुकानाचे आतील चित्र बहुधा नसते.

आणि आज जे सर्वांना क्षुल्लक वाटते, तेच उद्या असे हरवणार आहे. मोबाईल दुरुस्तीची टपरी, झेरॉक्सचे दुकान, शेअर रिक्षांचा थांबा, उसाच्या रसाचे गुऱ्हाळ, क्यूआर कोडची पाटी लावून बसलेली भाजीवाली, ही आजची रोजकीर्द आहे. रेखाटनकाराने जुने आणि देखणे तेवढेच शोधत फिरू नये. नक्षीदार वाड्यासमोर टाकलेली वीजवाहिनी व पाण्याची काळी टाकीही चित्रात आली पाहिजे, कारण ती तेथे आहे. राजस्थानातील शेखावाटी भागात नवलगड, मंडावा, फतेहपूर येथील हवेल्यांच्या भिंतींवर चित्रकारांनी देवादिकांबरोबर आगगाडी आणि मोटारही रंगविली. त्या काळी त्या नव्याच होत्या. आज त्याच चित्रांपुढे पर्यटक सर्वांत जास्त वेळ थांबतात.

साहित्य थोडे, निवड जपून

या छंदाला खर्च अल्प आहे. हाताच्या पंजाहून थोडी मोठी, जाड पुठ्ठ्याची वही, दोन पेन्सिली आणि पाण्याने न पसरणाऱ्या शाईचे एक पेन एवढ्यावर आरंभ होतो. रंग वापरायचे असतील तर कागद जाड हवा. १५० ग्रॅम वजनाचा कागद हलका हात सोसतो, अधिक पाणी वापरणाऱ्याने २०० किंवा ३०० ग्रॅमचा घ्यावा. जलरंगाच्या बारा वड्यांची छोटी डबी पुरेशी आहे. दांड्यातच पाणी भरता येईल असे कुंचले मिळतात. प्रवासात ते सोयीचे पडतात.

अहिंसेचे व्रत पाळणाऱ्या घरांनी खरेदीच्या वेळी काही गोष्टी विचारून घ्याव्यात. मुलायम कुंचल्यांसाठी खार, मुंगूस आणि परदेशात कोलिन्स्की नावाचा मुंगसासारखा दिसणारा प्राणी यांचे केस वापरले जात आले आहेत. मुंगसाच्या केसांच्या कुंचल्यांचा व्यापार तर वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ अन्वये भारतात गुन्हा आहे. तरीही असे कुंचले पकडले गेल्याच्या बातम्या येतात. कृत्रिम धाग्यांचे कुंचले आता उत्तम प्रतीचे व स्वस्त मिळतात. ‘आयव्हरी ब्लॅक’ या नावाने विकला जाणारा काळा रंग सामान्यतः हाडांच्या कोळशापासून बनतो. त्याऐवजी काजळीपासून केलेला ‘लॅम्प ब्लॅक’ घ्यावा. आपल्या हस्तलिखितांची शाईही काजळीचीच असे. वही चामड्याच्या वेष्टनाची नसावी, म्हणजे ती मंदिराच्या आवारातही नेता येते.

बसावे, पाहावे, मग रेघ ओढावी

सुरुवात करणाऱ्याची पहिली अडचण अशी, की माणसे हलतात. त्यावर अनुभवी रेखाटनकारांचा उपाय साधा आहे. काम करणारा माणूस पुन्हा पुन्हा त्याच स्थितीत येतो. चहावाला भांडे उंच धरतो, ओततो, खाली ठेवतो आणि पुन्हा उंच धरतो. शिंपी यंत्रावर वाकतो, दोरा तोडण्यासाठी मान उचलतो आणि पुन्हा वाकतो. त्यामुळे आधी पाच मिनिटे हातात पेन न घेता केवळ पाहावे. कोणती स्थिती परत येते हे कळले, की ती निवडावी आणि माणूस तेथे आला की दोन रेघा, पुन्हा आला की आणखी दोन, असे काम करावे. खांदे, पाठ आणि हात यांची दिशा साधली की चेहरा नसला तरी ओळखीचा माणूस ओळखू येतो.

दुसरी अडचण म्हणजे सगळेच काढण्याचा मोह. संपूर्ण बाजारपेठ एका पानावर मावत नाही. एक दुकान, त्यातील एक माणूस आणि त्याच्या भोवतीच्या पाच वस्तू एवढे ठरवून घेतले, तर अर्ध्या तासात चित्र उभे राहते. तराजू कोणत्या हाताला आहे, गल्ला कोठे आहे, देवाची तसबीर कोणत्या भिंतीवर आहे, नोकर कोठे उभा राहतो हे पाहू लागले, म्हणजे दुकान कसे चालते हेही समजू लागते. चित्राचा खरा लाभ हाच आहे. मोबाईलची कळ दाबण्यास क्षण लागतो. त्यामुळे पाहणेही क्षणभरच होते.

प्रत्येक पानावर गाव, तारीख आणि वेळ लिहावी. त्याबरोबर ऐकलेला एखादा भाव, वस्तूचे स्थानिक नाव, त्या दिवशीचे हवामान, कारागिराने सांगितलेली एखादी माहिती नोंदवावी. टोमॅटोचा त्या दिवसाचा दर वीस वर्षांनंतर चित्राइतकाच रोचक वाटेल. रेघ चुकली तर खोडू नये. तिच्या शेजारी दुसरी ओढावी. रोजकीर्दीतही खाडाखोड चालत नाही, दुरुस्ती स्वतंत्र नोंदीने होते. वयामुळे हात थरथरत असेल तर त्याचीही लाज नको. थरथरती रेघ जुन्या भिंतीला आणि सुरकुतलेल्या चेहऱ्याला शोभून दिसते.

माणसाचा मान

चित्र काढणे हे पाहणे आहे, आणि परक्या माणसाने टक लावून पाहणे कोणालाही रुचत नाही. म्हणून जवळून चित्र काढायचे असल्यास आधी विचारावे. “काका, तुमच्या दुकानाचे चित्र काढू का?” एवढे पुरते. बहुतेक जण हसून होकार देतात. नकार आल्यास वही मिटावी. स्त्रियांची, मुलांची आणि भिक्षा मागणाऱ्यांची चित्रे काढताना अधिक संकोच ठेवावा. मंदिरात व्यवस्थापकांची परवानगी घ्यावी. सामायिक किंवा पूजा चालू असेल तेथे वही काढू नये. त्यागी-मुनींच्या आहाराच्या वेळी तर नाहीच नाही.

चित्र पुरे झाल्यावर ते ज्याचे आहे त्याला दाखवावे. येथे लहान गावाचे मोठेपण कळते. पाहता पाहता चार माणसे गोळा होतात, कोणी चूक काढतो, कोणी “यात आमचा खंडू कोठे आहे?” असे विचारतो, कोणी चहा मागवितो. गाव दुरुस्ती सुचवू लागले, की चित्र एकट्याचे राहत नाही. शक्य असल्यास त्याची प्रत त्या माणसाला पाठवावी. गंगाराम तांबटांची चित्रे परदेशी गेली आणि हरिपुऱ्याचे फलक गावकऱ्यांसमोर लागले, या दोन वाटांतील फरक प्रत्येक वहीलाही लागू आहे.

कोठे जावे?

यासाठी फार दूर जाण्याची गरज नाही. तीर्थयात्रा तर दरवर्षी होतातच. विदर्भातील कारंजा लाड येथे सेनगण, बलात्कारगण आणि काष्ठासंघ अशा तीन परंपरांची जिनमंदिरे आहेत. दर्शनानंतर जुन्या वेशी आणि पेठेतील लाकडी वाडे पाहत एक सकाळ सहज जाते. कर्नाटकातील मूडबिद्रीला हजार खांबांच्या बसदीभोवतीची शांत गल्ली आणि उतरत्या छपरांची घरे आहेत. पैठणला माग आहेत, वाईला कृष्णेचे घाट आहेत. यात्रेच्या वेळापत्रकात दर्शन, भोजन आणि विश्रांती यांच्याबरोबर एक तास बाजारपेठेसाठी राखून ठेवला, तर बसमधील मुलांनाही काही करण्यासारखे मिळेल. नऊ-दहा वर्षांच्या मुलाच्या हाती मोबाईलऐवजी वही दिली आणि आजोबांनी शेजारी बसून स्वतःच्या वहीत तेच दुकान काढले, तर एकाच दुकानाची दोन चित्रे होतात. दोघांनी वेगवेगळे काय पाहिले यावर परतीचा प्रवास बोलण्यात जातो.

मात्र सर्वांत आधी काढावे ते स्वतःचे गाव. वडिलोपार्जित दुकान, घराचा ओटा, ज्या शाळेत तीन पिढ्या शिकल्या तिचे आवार, शनिवारचा किंवा रविवारचा आठवडी बाजार. प्रवासी एक दिवस पाहतो. राहणाऱ्याला आतले ठाऊक असते. पुनर्विकासाची कागदपत्रे तयार होण्यापूर्वी, दुकानाचे फर्निचर बदलण्यापूर्वी ही चार पाने झाली पाहिजेत. वास्तू पाडल्यावर ती आठवून काढता येत नाही.

वह्या भरल्या, म्हणजे त्या जपण्याचा प्रश्न येतो. विज्ञप्तिपत्रे आज उपलब्ध आहेत, ती केवळ चित्रकारांमुळे नाहीत. त्यांना कापडात गुंडाळून, वाळवीपासून वाचवून, ग्रंथभांडारांत सांभाळणाऱ्या पिढ्यांमुळे आहेत. वहीच्या पहिल्या पानावर काढणाऱ्याचे नाव, गाव आणि काळ स्पष्ट लिहावा, कोरड्या जागी ठेवावी आणि तिच्या प्रती गावातील सार्वजनिक वाचनालयाला किंवा शाळेला द्याव्यात. चित्रे बरी की वाईट याचा निकाल त्या वेळी लागण्याची आवश्यकता नाही. पन्नास वर्षांनंतर कोणी ती पाने उलटील, तेव्हा त्याला एवढेच हवे असेल, की अमुक दिवशी, अमुक गावात, कोणीतरी तेथे बसले होते आणि त्याने दिसले तसे लिहून ठेवले.